‘डिस्प्ले येत नाही’ हे निदान नव्हे

संगणक दुरुस्तीच्या दुकानात माणूस येऊन सांगतो, ‘डिस्प्ले येत नाही.’ त्याने तसंच सांगावं. डोळ्यांना जे दिसलं ते तो सांगतोय. पण काउंटरच्या पलीकडून तेच वाक्य निदान होऊन परत येतं आणि लगेच निकाल लागतो. कार्ड गेलं, नवीन टाका. नाहीतर, फॉरमॅट मारावं लागेल. पहिल्या निकालात खिसा रिकामा होतो, दुसऱ्यात घरातले फोटो जातात. आणि पुष्कळदा कार्ड ठणठणीत असतं.

बूट होताना ग्राफिक्स कार्डाची चाचपणी फसली, तर काय फसलं हे यंत्राला बहुधा ठाऊक असतं. ते तसं लिहूनही ठेवतं. कार्डाच्या क्रमांकासकट, ड्रायव्हरच्या नावासकट, चुकीच्या आकड्यासकट. आपण ते वाचत नाही. आणि ज्यांनी प्रणाली बनवली त्यांनी ते आपल्या नजरेला पडणार नाही अशी व्यवस्था करून ठेवली आहे. आजचं सदर या दोन्ही गोष्टींच्या विरोधात आहे.

सुरुवात एका प्रश्नाने करा. बटण दाबल्यावर मदरबोर्ड किंवा लॅपटॉप कंपनीचं चिन्ह उमटलं का? उमटलं असेल, तर कार्डाने चित्र काढलं, केबलने ते नेलं, मॉनिटरने दाखवलं. तिघेही त्या क्षणी शाबूत होते. नंतर लिनक्सच्या ग्रब या बूट-लोडरचा मेनू दिसला आणि मग अंधार झाला, तर पहिला संशय ऑपरेटिंग सिस्टीमच्या ड्रायव्हरवर घ्यायचा. चिन्हच उमटलं नाही, किंवा चिन्हावरच रेघा आणि ठिपके आले, तर गोष्ट हार्डवेअरची: कार्डाची सहा किंवा आठ पिनांची वीजजोडणी, रॅम, कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टात लागलेली मॉनिटरची केबल, मदरबोर्डवर ‘व्हीजीए’ लिहिलेल्या जागी पेटून राहिलेला दिवा. ते तपासायला स्क्रूड्रायव्हर लागतो. ड्रायव्हरचं दुखणं तपासायला कीबोर्ड पुरतो.

दुसरी चाचणी आणखी सोपी. पडदा काळा झाल्यावर कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का? मग कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, जिवंत आहे, बहुधा बूटही पूर्ण झालंय, फक्त चित्र नाही. अशा यंत्राला ‘हँग झालं’ म्हणणं चूक, आणि पॉवरचं बटण दाबून धरणं त्याहून चूक. लॉगच्या, म्हणजे यंत्राने लिहिलेल्या नोंदीच्या, शेवटच्या ओळी डिस्कवर उतरायच्या आत आपणच त्या पुसून टाकतो.

आता त्या काही सेकंदांत घडतं काय ते बघू. सुरू होताच यूईएफआय फर्मवेअर कार्डावरच्या रॉममधला एक छोटा प्रोग्रॅम चालवतं. तो मॉनिटरला एक ठरावीक रिझोल्यूशन देतो आणि मेमरीचा एक तुकडा मोकळा करून ठेवतो. त्या तुकड्यात जो रंग लिहाल तो पडद्यावर उमटतो. वेग नाही, दुसरा मॉनिटर नाही, पण चित्र आहे. हा फ्रेमबफर ऑपरेटिंग सिस्टीमला आयता मिळतो. मग लिनक्सचा कर्नल पीसीआय बसवरच्या प्रत्येक उपकरणाला दोन क्रमांक विचारतो: बनवणारा कोण आणि वस्तू कोणती. इंटेलचा क्रमांक ८०८६, त्याच कंपनीच्या १९७८च्या प्रोसेसरचा. एनव्हिडियाचा १०डीई. एएमडीच्या कार्डांचा १००२, जो मुळात एटीआयचा. २००६ साली एएमडीने एटीआय विकत घेतली तरी क्रमांक तोच राहिला. प्रत्येक ड्रायव्हरजवळ आपल्याला कोणते क्रमांक चालतात याचा तक्ता असतो. जुळलं की कर्नल त्या ड्रायव्हरचं प्रोब फंक्शन चालवतो, आणि तिथे खरं काम सुरू होतं. कार्डाची मेमरी पत्त्यांवर बसवायची, व्हिडिओ बायोस वाचायचा, फर्मवेअरच्या फायली कार्डात चढवायच्या, कार्डाचं घड्याळ लावायचं, मग प्रत्येक पोर्टावर मॉनिटर आहे का बघून त्याच्याकडून १२८ बाइटांचा ईडीआयडी, म्हणजे मॉनिटरची ओळख, मागायचा.

यातली कुठलीही पायरी चुकली की प्रोब उणे आकडा परत देतं. उणे २ म्हणजे फाइल सापडली नाही. उणे १२, मेमरी मिळाली नाही. उणे १९, असं उपकरण नाही. उणे ११०, वाट पाहून वेळ संपला. यंत्र इतकं नेमकं बोलतं. त्याच वेळी पडद्यावर काय असतं? फिरणारं चक्र. किंवा तेही नाही.

१९८१च्या आयबीएम पीसीत ही चाचपणी माणूसच करायचा. मदरबोर्डवर छोटे स्विच असत. कार्ड एकरंगी आहे की रंगीत, हे त्यातल्या दोघांवरून यंत्राला कळायचं. त्या काळच्या आयएसए कार्डांना स्वतःची ओळख सांगायची पद्धतच नव्हती. ड्रायव्हर एखाद्या पोर्टावर काहीतरी लिहायचा आणि उत्तर काय येतं ते पाहायचा. एक्सफ्री८६ बरोबर ‘सुपरप्रोब’ नावाचा प्रोग्रॅम यायचा. तो कार्ड ओळखण्यासाठी असाच रजिस्टरं ढवळायचा आणि त्यात यंत्र गोठूही शकायचं. चौथा सीरियल पोर्ट आणि ८५१४/ए जातीची ग्राफिक्स कार्डं यांचा पत्ता एकच होता, २ई८. म्हणजे मोडेम शोधायला जावं आणि पडद्याला धक्का लागावा. मॉनिटरच्या पुस्तिकेतले आडव्या-उभ्या फ्रिक्वेन्सीचे आकडे हाताने फाइलीत लिहावे लागत, आणि चुकीचे आकडे जुन्या मॉनिटरांना इजा करू शकत. १९९२ साली पीसीआय आलं, १९९४ साली ईडीआयडी आलं, आणि कार्ड व मॉनिटर स्वतःची ओळख स्वतः देऊ लागले. मार्च २००९ मध्ये लिनक्स २.६.२९ आलं. त्यात पडद्याचा मोड ठरवण्याचं काम प्रथम इंटेलच्या कार्डांसाठी कर्नलने स्वतःकडे घेतलं. त्याआधी ते एक्स सर्व्हर करायचा.

म्हणजे अट्ठावीस वर्षांत यंत्र ओळख पटवण्यात हुशार होत गेलं. त्या हुशारीचा फायदा वापरणाऱ्याला मिळायला हवा होता. मिळालं काय? ग्रबच्या ओळीत दोन शब्द: ‘क्वायट’ आणि ‘स्प्लॅश’. पहिला कर्नलला गप्प करतो, दुसरा वर चित्र झाकतो. बूट सुरळीत झालं तर शेकडो ओळी कुणालाच वाचायच्या नसतात, हे मला मान्य आहे. पण बूट फसल्यावरही तेच चित्र, तीच शांतता? डेस्कटॉप दिसायला सुंदर हवा असं म्हणत अपयशाचा पुरावा झाकणाऱ्यांनी वापरणाऱ्याचा विचार केलेला नाही. त्यांनी प्रात्यक्षिकाचा विचार केलाय.

उणे दोनचं प्रकरण घ्या, कारण ते सर्वांत अन्यायाचं आहे. एएमडीच्या कार्डांचा ‘एएमडीजीपीयू’ ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, पण कार्डाच्या आतल्या छोट्या प्रोसेसरांना लागणारं फर्मवेअर वेगळ्या पॅकेजमध्ये येतं. कार्ड नवं, फर्मवेअरचं पॅकेज जुनं, किंवा पॅकेज आहे पण बूटच्या सुरुवातीला चढणाऱ्या इनिटरॅमएफएसमध्ये ती फाइल शिरलेली नाही. मग लॉगमध्ये ओळ येते: अमुक फर्मवेअर थेट चढवता आलं नाही, चूक उणे २. तिच्या खाली: जीपीयू सुरू करताना प्राणघातक चूक. त्याच्या खाली: ०००० : ०३ : ००.० या जागेवरच्या उपकरणाचं प्रोब फसलं. सगळं सांगून झालं. फाइलीचं नावसुद्धा दिलं. पण ते दिसणार कुठे? ड्रायव्हरने काम हाती घेताना सर्वांत आधी फर्मवेअरचा तो साधा फ्रेमबफर हटवलेला असायचा, आणि फायली आहेत की नाहीत ते नंतर तपासलेलं असायचं. विटा, वाळू, सिमेंट आलंय का हे न बघता राहतं घर पाडायचं, असा हा क्रम. चालतं चित्र गेलं, नवं आलं नाही, आणि ‘विटा नाहीत’ ही चिठ्ठी पाडलेल्या घराच्या भिंतीवर.

हा क्रम दुरुस्त करता येतो, आणि तो झाला. २०२२ संपता संपता एएमडीच्या बाजूने पॅच आले: आधी फायली तपासा, त्या असतील तरच जुना फ्रेमबफर सोडा, नसतील तर प्रोब फसू दे, पण चित्र राहू दे. पुढच्या वर्षी ते कर्नलमध्ये रुजू झाले. मी या कामाला कुठल्याही नव्या ग्राफिक्स इफेक्टपेक्षा मोठं मानतो. ज्याचं यंत्र नीट चालतं त्याला हे कधी कळणारही नाही. ज्याचं चालत नाही, त्याला मात्र पडद्यावर चुकीची ओळ दिसेल.

डेबियन हे लिनक्सचं वितरण बनवणाऱ्यांनाही इथे दाद द्यायला हवी. मुक्त नसलेलं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवायचं नाही, अशी त्यांची वर्षानुवर्षांची भूमिका होती, आणि ती तत्त्वाला धरून होती. पण तिचा भुर्दंड नवख्या माणसाला पडायचा: इन्स्टॉल झालं, पहिलं बूट, काळा पडदा. २०२२ मध्ये त्यांनी यावर सभासदांचं मतदान घेतलं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येऊ लागलं. तत्त्व सोडलं अशी टीका झाली. मला वाटतं, कार्डात चढणारा बंदिस्त कोड हा कार्ड बनवणाऱ्याचा दोष आहे आणि त्याची शिक्षा वापरणाऱ्याला देणं थांबलं.

इंटेलची गोष्ट वेगळी. ऑक्टोबर २०२२ मध्ये आर्क ए७७० हे कार्ड बाजारात आलं. किंमत चांगली, लोकांनी घेतलं आणि जुना कर्नल असलेल्या मशीनमध्ये बसवलं. ड्रायव्हर ‘आय९१५’ने कार्ड पाहिलं, ओळखलं, आणि हात लावायला नकार दिला. नकार देताना लिहिलेला संदेश मी आदर्श मानतो. त्याचा आशय असा: तुमचं ग्राफिक्स उपकरण ५६ए० या कर्नलमध्ये नीट सांभाळलं जात नाही; तरीही जबरदस्तीने प्रोब करायचं असेल तर ‘आय९१५.फोर्स_प्रोब=५६ए०’ असं द्या; पण आमची शिफारस, नवा कर्नल घ्या. कोणतं कार्ड, काय अडलं, तात्पुरता उपाय कोणता, खरा उपाय कोणता. चारही गोष्टी एका दमात. फेब्रुवारी २०२३ च्या ६.२ कर्नलपासून ही जबरदस्ती लागेनाशी झाली. ज्याने लॉग वाचला त्याला कळलं की कर्नल बदलायचा आहे. ज्याला फक्त अंधार दिसला त्याने चांगलं कार्ड परत केलं.

दुकानदारांना माझा एक थेट प्रश्न आहे. नवं कार्ड जुन्या कर्नलवर चालत नाही हे माहीत नसेल तर ‘लिनक्सवर चालतं’ असं गिऱ्हाइकाला सांगता कशाच्या जोरावर? क्रमांक बघा, कर्नल बघा, मग विका.

एनव्हिडियाबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं. २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने या कंपनीला भर सभेत शिवी हासडली, ती जगभर गाजली. शिवीपेक्षा कारण महत्त्वाचं होतं: कंपनी कार्डाची माहिती देत नव्हती, आणि ‘नूवो’ हा मुक्त ड्रायव्हर बनवणाऱ्यांना कार्डाचं वागणं बाहेरून पाहून सगळं शोधावं लागत होतं. २०१४ च्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून अडचण आणखी वाढली. कार्ड आता कंपनीच्या सहीचंच फर्मवेअर मागू लागलं, आणि नूवोला कार्डाचा वेग वाढवता येईनासा झाला. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नल मॉड्यूलचा कोड खुला केला; जानेवारी २०२४ च्या ६.७ कर्नलमध्ये नूवो नव्या कार्डांवर कंपनीचंच जीएसपी फर्मवेअर वापरून चालू शकला. सुधारणा आहे. उशिराने आहे.

पण रोजच्या वापरात एनव्हिडियाचं काळं तोंड दिसतं ते दुसऱ्याच कारणाने. कंपनीचा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर राहतो. कर्नल बदलला की डीकेएमएस नावाचं साधन तो पुन्हा कंपाइल करतं. हेडर फायली नसल्या की कंपाइल होत नाही, आणि ही बातमी अपडेटच्या लांबलचक मजकुरात वाहून जाते. दुसऱ्या दिवशी बूट केलं तर नवा कर्नल आहे, मॉड्यूल नाही. नूवो तरी पुढे येईल? नाही. कंपनीच्या ड्रायव्हरचं पॅकेज बसवताना नूवोला ब्लॅकलिस्ट केलेलं असतं. दोन्ही ड्रायव्हर दाराबाहेर. दोन कार्डं असलेल्या लॅपटॉपवर याचं रूप अधिक फसवं. लॅपटॉपचा पडदा इंटेलवर चालू राहतो, पण एचडीएमआय पोर्ट एनव्हिडियाला जोडलेलं असेल तर प्रोजेक्टरवर काहीच येत नाही. वर्गात मुलं बसलेली, शिक्षिका केबल बदलतेय, शिपाई प्रोजेक्टर झटकतोय. दोष केबलचा नाही, प्रोजेक्टरचाही नाही.

त्यात सिक्युअर बूट. सही नसलेलं मॉड्यूल कर्नल नाकारतो, आणि नाकारतो हे योग्यच करतो. उबुंटूवर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड विचारतात. पुढच्या बूटला निळा पडदा येऊन ‘एनरोल एमओके’ निवडायला सांगतो. काही सेकंदच थांबतो. हा निळा पडदा बघून लोक दचकतात आणि ‘कंटिन्यू बूट’ दाबतात. किल्ली नोंदली जात नाही, मॉड्यूल चढत नाही, लॉगमध्ये ‘किल्ली नाकारली’ अशी ओळ येते. मग सल्ला मिळतो: सिक्युअर बूट बंद करून टाका. मला हा सल्ला पटत नाही. बँकेचे व्यवहार ज्या यंत्रावर होतात त्याचं एक कुलूप काढून टाकायचं, कारण किल्ली नोंदवण्याचा पडदा कुणी समजावून सांगितला नाही? पडदा समजावून सांगा. त्यावर पुढे काय करायचं ते दोन वाक्यांत लिहा. तो बनवणाऱ्यांना ही दोन वाक्यं जड नव्हती.

आता ‘नोमोडसेट’. सल्लागारांचा लाडका शब्द. तो ग्रबच्या ओळीत टाकला की कार्डांचे खरे ड्रायव्हर बाजूला राहतात आणि फर्मवेअरच्या साध्या फ्रेमबफरवर चित्र येतं. तपासणीसाठी उत्तम. यंत्र उघडतं, लॉग वाचता येतो. पण पुढे तो तिथेच राहतो, आणि मला चीड येते ती त्याची. ड्रायव्हर नसल्यामुळे सगळं चित्र प्रोसेसर रंगवतो. सेटिंग्जमध्ये ग्राफिक्सच्या जागी ‘एलएलव्हीएमपाइप’ असं दिसतं. व्हिडिओ अडखळतो, पंखा ओरडतो, ब्राइटनेस बदलत नाही, दुसरा मॉनिटर दिसत नाही, झोपवलेला लॅपटॉप उठेलच याची खात्री नाही. आणि वापरणारं पोर समजतं की आपलं मशीनच टुकार आहे, किंवा लिनक्स टुकार आहे. ‘नोमोडसेट टाका’ असं सांगणाऱ्याने ‘मग लॉग वाचा आणि ते काढा’ हेही त्याच दमात सांगितलंच पाहिजे. अर्धा उपाय सांगून पुढे निघून जाणारे माझ्या मते मदत करत नाहीत.

लॉग वाचायचा कसा? ग्रबच्या मेनूवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतून ‘क्वायट’ आणि ‘स्प्लॅश’ खोडा, एफ१० दाबून बूट करा. हा बदल त्या एका बूटपुरता असतो, त्यामुळे भीती नको. ओळी जिथे थांबतात किंवा पडदा जिथे जातो, ती जागा मोबाइलच्या व्हिडिओत पकडा. आत शिरता येत नसेल तर ‘नोमोडसेट’ने शिरा आणि ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ चालवा. ते आधीच्या, म्हणजे फसलेल्या बूटचा कर्नल-लॉग दाखवतं. घरात दुसरं मशीन असेल आणि काळ्या पडद्याच्या मशीनवर एसएसएच चालू असेल, तर बाहेरून शिरणं सर्वांत चांगलं, कारण रोगी जिवंत असताना तपासता येतो. मग ‘एलएसपीसीआय -एनएनके’. त्यात कार्डाचा क्रमांक दिसतो, त्याच्या खाली ‘वापरात असलेला ड्रायव्हर’ ही ओळ दिसते. ती ओळच नसेल, तर कार्ड आहे पण कुणीही त्याला हातात घेतलेलं नाही. अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुनं रेडिऑन एचडी ७७५० आणणाऱ्यांसाठी एक खास सूचना. या पिढीला कर्नलमध्ये दोन ड्रायव्हर आहेत, जुना ‘रेडिऑन’ आणि नवा ‘एएमडीजीपीयू’, आणि कोणी घ्यायचं हे पॅरामीटरवर ठरतं. एकाला ‘तू घेऊ नको’ सांगितलं तर दुसऱ्याला ‘तू घे’ हे सांगावं लागतं. कुठून तरी अर्धी ओळ नक्कल करून टाकली की दोघेही नको म्हणतात. लॉगमध्ये दोघांचाही नकार लिहिलेला असतो, कोणते दोन पॅरामीटर हवेत तेही लिहिलेलं असतं. हे कार्ड भंगारात टाकायच्या लायकीचं नाही. त्याला एक ओळ हवी आहे.

रास्पबेरी पाय किंवा तत्सम बोर्डावर उणे ५१७ दिसला तर घाबरू नका. त्याचा अर्थ ‘मला लागणारं दुसरं उपकरण अजून आलेलं नाही, थोड्या वेळाने पुन्हा बोलवा’. कर्नल पुन्हा बोलावतोही. ते दुसरं उपकरण शेवटपर्यंत आलंच नाही, तरच पुढचा तपास.

विंडोजवाल्यांची सुटका आहे असं नाही. तिथे ड्रायव्हर फसला की ‘बेसिक डिस्प्ले’ येतो, जाड अक्षरं येतात, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण व ‘कोड ४३’. त्याचा अर्थ एवढाच की उपकरणाने अडचण कळवली म्हणून विंडोजने ते थांबवलं. कोणती अडचण? गप्प. निदान ‘डिटेल्स’च्या पानावर हार्डवेअर क्रमांक तरी पाहा, तिथेही तेच १०डीई, १००२, ८०८६ आहेत. ‘अननोन’ असं नाव आलं म्हणून कार्ड अनोळखी होत नाही.

मराठी वाचकाला यात एक जादा फटका बसतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. लिनक्सच्या मजकुरी कन्सोलवर एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षराकृती राहतात आणि जोडाक्षरं, वेलांट्या, मात्रा जुळवण्याची सोय तिथे नाही. देवनागरी नीट दिसायला ग्राफिक्स लागतं. म्हणून ज्या क्षणी कार्डाचं प्रोब फसतं, त्या क्षणी यंत्राची मराठी जाते. मराठीत चालवलेला डेस्कटॉप, मराठी मेनू, मराठी मदत, सगळं ग्राफिक्सच्या पलीकडे. अडचणीच्या वेळी, जेव्हा आपल्या भाषेतला एक शब्द सर्वांत उपयोगी पडला असता, तेव्हा समोर इंग्रजी ओळी, आणि त्याही ‘क्वायट’ने दाबलेल्या. तालुक्याच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या शिक्षकाने यातून काय उमजून घ्यायचं?

यावर निम्मा तोडगा कर्नलमध्ये आलेला आहे. जुलै २०२४ च्या ६.१० कर्नलमध्ये ‘डीआरएम पॅनिक’ आलं: कर्नल कोसळला तर ग्राफिक्स चालू असतानाही पडद्यावर संदेश लिहायची सोय. त्याच वर्षीच्या ६.१२ मध्ये त्यात क्यूआर कोडची भर पडली. लॉगच्या ओळी त्या चौकोनात बसतात, मोबाइलने टिपल्या की हातात येतात. मोबाइलवर देवनागरी उत्तम दिसते. तिथे कुणीही मराठीत अर्थ लावून देऊ शकतो.

पण ही सोय कर्नल कोसळल्यावरची आहे. ग्राफिक्सचं प्रोब फसलं तर कर्नल कोसळत नाही. तो निमूटपणे पुढे जातो, लॉगिनच्या पायरीपर्यंत पोचतो आणि अंधारात वाट पाहतो. म्हणून माझी मागणी नेमकी आहे, आणि ती वितरणं बनवणाऱ्यांकडे आहे. उबुंटू, फेडोरा, डेबियन, सगळ्यांकडे. प्रत्येक ड्रायव्हरने साधा फ्रेमबफर शेवटपर्यंत हातचा सोडू नये, जसं एएमडीच्या बाबतीत झालं. प्रोब फसलं आणि तो फ्रेमबफर शाबूत असेल, तर स्प्लॅशचं चित्र आपोआप बाजूला व्हावं आणि तसाच क्यूआर कोड यावा. त्यात हवं ते फार नाही: कार्डाचे दोन क्रमांक, ड्रायव्हरचं नाव, कर्नलची आवृत्ती, उणे आकडा, आणि फाइल सापडली नसेल तर तिचं नाव. हे सगळं कर्नलपाशी आधीच लिहिलेलं आहे. ‘१००२’ आणि ‘उणे २’ हे दोनच आकडे समोर आले, तरी त्या शिक्षकाला कळेल की पेन ड्राइव्हवर फर्मवेअरचं नवं पॅकेज आणायचं आहे आणि कार्डासाठी मुख्याध्यापकांकडे पैसे मागायचे नाहीत.